बाविसावा आठवडा, तोंडावर पाऊस: फ्लूची लस घेऊ की नको?

पत्र:

डॉक्टरबाई, नमस्कार. मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते आणि कळंगुटला एका हॉटेलात रिसेप्शनवर काम करते. सध्या गरोदरपणाचा बाविसावा आठवडा चालू आहे. बाळंतपणाची तारीख चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आगेमागे येते. दोन वर्षांपूर्वी नवव्या आठवड्यात माझा गर्भपात झाला. त्याच्या आठच दिवस आधी मी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं होतं. सासूबाईंच्या मनातून ती गोष्ट अजून गेलेली नाही. आता म्हापशाच्या माझ्या डॉक्टरांनी पाऊस सुरू व्हायच्या आत फ्लूची लस घ्यायला सांगितलंय. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणतात, ही आमच्या यादीत नाही, घ्यायलाच हवी असं काही नाही. मावसबहिणीने मोबाइलवर मजकूर पाठवला की या लसीने गर्भपात होतो, अमेरिकेत सिद्ध झालंय. नवरा म्हणतो, सर्दी-तापासाठी दोन हजार कशाला घालायचे? सासूबाई म्हणतात, एकदा गेलं तेवढं पुरे, आता अंगाला सुई लावून घेऊ नको. मला कुणालाच दुखवायचं नाही, पण रात्री झोप लागत नाही. काय करू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर:

बाय, लस घे. पाऊस लागायच्या आत घे, म्हणजे येत्या आठ-दहा दिवसांत.

असं सरळ उत्तर आधीच देते, कारण तुझ्या पत्रात प्रत्येकाचं मत आहे, पण तुला घे किंवा नको घेऊ असं कारणांसह कुणीच सांगितलेलं दिसत नाही. शेवटी सुई टोचायची तो दंड तुझा आणि निर्णयही तुझाच. माझं म्हणणं कशावर उभं आहे ते पुढे लिहिते. ते वाचून तुला पटलं नाही, तर तुझ्या डॉक्टरांशी आणखी एकदा बोल. पण नुसत्या भीतीपोटी दिवस ढकलू नकोस.

सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण तुझ्या झोपेच्या आड खरं म्हणजे तो नववा आठवडा आला आहे. त्यांचा राग करू नकोस. इंजेक्शन झालं आणि आठ दिवसांत नातवंड गेलं, हे ज्या बाईने घरात पाहिलं तिने सुईला घाबरावं यात नवल नाही. तुझ्या मनातही कुठेतरी तेच बसलंय, नाहीतर तू मला लिहिलं नसतंस.

तेव्हा नीट ऐक. गर्भ राहिल्याचं कळलेल्या दर १०० बायांमागे १० ते २० जणींचा गर्भ पुढे टिकत नाही, आणि त्यातले बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच जातात. त्यांतल्या निम्म्याहून अधिक वेळा कारण गर्भाच्या गुणसूत्रांत असतं. बीज जुळतानाच मांडणी चुकलेली असते आणि तो गर्भ वाढूच शकणार नसतो. आईने काय खाल्लं, कुठे गेली, काय उचललं, कुठलं इंजेक्शन घेतलं, याच्याशी त्याचा संबंध नसतो. आता हिशेब मांड. गरोदरपणाची नोंद झाली की धनुर्वाताची लस आपल्याकडे लवकरात लवकर देतात. म्हणजे लाखो बाया ती पहिल्या तीन महिन्यांतच घेतात. त्यांच्यातल्या कित्येक जणींचा गर्भ त्याच आठवड्यांत आपल्या कारणाने जाणार असतो. मग लस झाल्यावर आठ दिवसांनी तो गेला की घरात दोन्हींची सांगड घातली जाते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढंच. तू काही चुकीचं केलं नव्हतंस. त्या इंजेक्शनानेही काही केलं नव्हतं. हे वाक्य सासूबाईंना वाचून दाखवायच्या आधी तू स्वतः चार वेळा वाच.

आणि आता तू बाविसाव्या आठवड्यात आहेस. तो सगळ्यात नाजूक काळ मागे पडला.

मावसबहिणीच्या मजकुराला मात्र मी 'अफवा' म्हणून झटकून टाकणार नाही. त्यात एक खरी गोष्ट अर्धी सांगितलेली आहे, आणि अर्धी गोष्ट जास्त घाबरवते. २०१७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. २०१० ते २०१२ या दोन हंगामांतल्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. ज्या बायांनी लागोपाठ दोन वर्षं एच१एन१ या स्वाइन फ्लूच्या विषाणूचा अंश असलेली फ्लूची लस घेतली होती, त्यांच्यात लसीनंतरच्या २८ दिवसांत गर्भपात जास्त दिसले. पण त्या गटातल्या बाया थोड्या होत्या, आणि संशोधकांनीच लिहिलं होतं की यावरून लसीने गर्भपात होतो असं म्हणता येत नाही, आणखी तपासायला हवं. त्याच संशोधकांनी मग पुढच्या तीन हंगामांच्या नोंदी घेऊन साधारण तिप्पट मोठा अभ्यास केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात लस आणि गर्भपात यांचा काही संबंध आढळला नाही, आधीच्या वर्षी लस घेतलेल्यांतही नाही आणि न घेतलेल्यांतही नाही. फिरणाऱ्या मजकुरात २०१७ उरलं आणि २०१९ गळून पडलं. तुझ्या मावसबहिणीने मायेपोटीच पाठवलं असणार. तिलाही ही उरलेली अर्धी गोष्ट कळव.

शिवाय ते सगळे आकडे गर्भारपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतले होते. तुझ्या आठवड्यांत ज्याची काळजी करायची ती म्हणजे मुदतीआधी बाळंत होणं किंवा बाळ पोटात दगावणं. अनेक देशांत लाखो गरोदर बायांनी ही लस घेतली आहे, आणि त्यांच्यात यातलं काहीही वाढलेलं दिसलेलं नाही. उलट तापाने फणफणलेल्या गरोदर बाईत या दोन्हींचा धोका वाढतो. ही तुलना घरात कुणी करत नाही. सगळे 'लस घेतली तर' एवढंच विचारतात. 'लस नाही घेतली आणि फ्लू झाला तर' हे कुणी विचारत नाही, आणि तुझ्या नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं तिथेच आहे.

फ्लू म्हणजे सर्दी नव्हे. सर्दीत नाक वाहतं, दोन दिवस कंटाळा येतो, माणूस पेज पिऊन कामावर जातो. फ्लू माणसाला आडवा करतो. एकाएकी १०२-१०३ ताप, हाडं मोडल्यासारखं दुखणं, कोरडा खोकला. तरणीताठी माणसं आठवड्याभरात त्यातून उठतात. गरोदर बाईचं शरीर मात्र त्या दिवसांत वेगळ्या बेतावर चाललेलं असतं. पोट वाढतं तसं छाती आणि पोटामधला पडदा वर सरकतो, शेवटच्या महिन्यांत चारेक सेंटिमीटरपर्यंत. श्वास सोडल्यावर फुप्फुसात जी हवा शिल्लक राहते ती सुमारे एक पंचमांशाने घटते. म्हणजे गंगाजळी कमी, आणि प्राणवायूची गरज मात्र दोघांची. हृदय नेहमीपेक्षा ३० ते ५० टक्के जास्त रक्त फिरवत असतं. भरीला, पोटातल्या बाळाला शरीराने परकं मानू नये म्हणून प्रतिकारशक्तीही काही बाबतींत जुळवून घेते. अशा वेळी फ्लू छातीत उतरला तर निमोनिया व्हायला वेळ लागत नाही.

२००९ सालच्या स्वाइन फ्लूच्या साथीत हे सगळ्या जगाने पाहिलं. अमेरिकेच्या लोकसंख्येत गरोदर बाया जेमतेम एक टक्का असतात, पण त्या साथीतल्या मृत्यूंमध्ये त्या पाच टक्के होत्या. त्यानंतर २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूच्या लसीसाठी गरोदर स्त्रियांना सगळ्यांत वरचा अग्रक्रम दिला. आपल्याकडचा साथीच्या वर्षीचा पावसाळा मला विसरता येत नाही. सातव्या-आठव्या महिन्यातल्या धडधाकट मुली, ज्यांना आदल्या आठवड्यात काही नव्हतं, धापा टाकत यायच्या आणि बाहेर नवरे मास्क लावून भिंतीला टेकून उभे असायचे. तोच एच१एन१ आज साध्या हंगामी फ्लूच्या विषाणूंपैकी एक होऊन दरवर्षी फिरतो. नवऱ्याला सांग, दोन हजार हे टाळण्यासाठी आहेत.

आता यातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट. तुझं बाळ सप्टेंबरात येईल, चवथीच्या दिवसांत. आपल्याकडे चवथीला घर कसं भरलेलं असतं ते तुला सांगायला नको. मुंबई-पुण्याहून माणसं येतील, गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली पोरं धुडगूस घालतील, आणि जो तो बाळ मांडीवर घेऊन त्याचा पापा घेईल. त्यातला एखादा खोकत असेलच. मोठ्यांचा साधा फ्लू महिन्याभराच्या बाळाला इस्पितळात नेऊ शकतो. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. त्या वयासाठी ती नाहीच. त्या सहा महिन्यांत त्याच्या अंगात जे संरक्षण असेल ते फक्त तुझ्याकडून गेलेलं असेल. तुला लस दिली की तुझ्या रक्तात विषाणूशी लढणारी प्रतिद्रव्यं तयार होतात, ती वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात आणि जन्मानंतर काही महिने टिकतात.

हे तपासूनही पाहिलेलं आहे. बांगलादेशात ३४० गरोदर बायांवर केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या जणींना फ्लूची लस दिली, अर्ध्या जणींना दुसरी एक लस. फ्लूची लस घेतलेल्या आयांच्या बाळांत पहिल्या सहा महिन्यांत तपासणीत सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी होता. पुढे नेपाळ, माली आणि दक्षिण आफ्रिकेत याहून कितीतरी मोठे अभ्यास झाले. त्यांत फायदा एवढा मोठा नाही दिसला, साधारण एक तृतीयांश ते निम्मा. मी तुला हे कमी आकडेही मुद्दाम सांगते. ही लस घेतली की फ्लू होणारच नाही, असं कुणी सांगितलं तर ते खरं नाही. काही वर्षी लसीतले विषाणू आणि गावात फिरणारे विषाणू नीट जुळतात, काही वर्षी कमी जुळतात. बऱ्या जुळलेल्या वर्षीही संरक्षण ४० ते ६० टक्केच मिळतं. पण फ्लू होऊन इस्पितळात भरती होण्याची वेळ गरोदर बायांवर सरासरी ४० टक्क्यांनी कमी येते, असं अनेक देशांतल्या नोंदींवरून दिसलं आहे. मला स्वतःला हा सौदा खूप चांगला वाटतो.

सासूबाईंशी बोलताना आकडे काढू नकोस. त्यांना धनुर्वाताबद्दलच विचार. त्यांच्या आईच्या काळात जन्मून आठवड्या-दोन आठवड्यांत आकडी येऊन गेलेली बाळं गावोगाव होती. ते नवजात धनुर्वात होतं, आणि नाळेच्या जखमेतून ते शिरायचं. ते थांबलं कशाने? स्वच्छ बाळंतपणाने, आणि पोटुशी असताना आईला दिलेल्या त्याच इंजेक्शनाने, ज्याला आज त्या दोष देताहेत. ते आईला टोचत होते, पण वाचवत होते बाळाला. माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झालं असं २०१५ साली भारतासाठी अधिकृतपणे जाहीर झालं. फ्लूची लस हाच मार्ग वापरते. यात नवं, परदेशी, प्रयोगातलं असं काही नाही. सासूबाईंच्या पिढीने हे आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, फक्त त्यांना कुणी दोन्ही गोष्टी जोडून दाखवल्या नाहीत.

आरोग्य केंद्रातल्या सिस्टर खोटं बोललेल्या नाहीत. सरकारी लसीकरण कार्यक्रमात गरोदर बायांसाठी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस आहे. फ्लूची नाही, म्हणून ती केंद्रात फुकट मिळत नाही. पण 'यादीत नाही' याचा अर्थ 'नको' असा होत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्याच फ्लू लसीकरणाच्या सूचनांत गरोदर स्त्रियांना, कितवाही महिना असो, ही लस घ्यावी असं म्हटलेलं आहे. शिफारस सरकारची, पण पैसे बाईचे, हे मला मुळीच मान्य नाही. ज्या घरात दोन हजार म्हणजे आठवड्याचा बाजार, तिथली बाई ही लस कशी घेणार? गोव्यासारख्या लहान राज्याने पावसाळ्याआधी प्रत्येक गरोदर बाईला ही लस केंद्रातच द्यायला हवी, आणि मी हे संधी मिळेल तिथे म्हणत राहीन. तू कमावती आहेस, तुला परवडतं, तर थांबू नकोस.

काही डॉक्टर २६ किंवा २८ आठवड्यांनंतर लस द्यायला सांगतात. आजूबाजूला कुणी तुला तसं सांगेल, म्हणून त्याबद्दल लिहिते. त्यामागे कारण आहे. आईची प्रतिद्रव्यं बाळाकडे सगळ्यांत जास्त शेवटच्या तिमाहीत जातात, त्यामुळे लस जरा उशिरा दिली तर बाळाला वाटा जास्त मिळू शकतो. तुझी तारीख डिसेंबरात असती, तर तिथे दोन मतं होऊ शकली असती. पण आपल्याकडे फ्लू पावसाबरोबर वाढतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये घरोघरी खोकला सुरू होतो. लस अंगात लागायला दोन आठवडे जातात. अठ्ठावीस आठवडे भरेपर्यंत थांबलीस तर जूनचा शेवट उजाडेल, आणि तोवर तू रोज डिचोली-म्हापसा-कळंगुट अशी भरलेल्या बसमधून जाणार, काउंटरवर मोपा विमानतळावरून थेट आलेल्या पर्यटकांचे पासपोर्ट हातात घेणार. आज घेतलेल्या लसीची प्रतिद्रव्यं शेवटच्या तिमाहीतही तुझ्या रक्तात असतील आणि बाळाकडे जातील. म्हणून तुझ्या डॉक्टरांचं म्हणणं मला बरोबर वाटतं.

लस घेताना काही गोष्टी बघ. टोचायची लस हवी, दंडात. तिच्यात मारलेल्या विषाणूचे तुकडे असतात, जिवंत काही नसतं. त्यामुळे तिने फ्लू होऊच शकत नाही. नाकात फवारायची एक वेगळी लस असते, तिच्यात अशक्त केलेला पण जिवंत विषाणू असतो. ती गरोदरपणात घ्यायची नाही. खोक्यावरची मुदत आणि कुठल्या वर्षाची लस आहे ते वाच. विषाणू बदलतात म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, लसीत काय असावं ते नव्याने ठरवते. गेल्या वर्षीचा उरलेला साठा मे महिन्यात फार्मसीत पडून असू शकतो. नवीनच मागून घे. काही खोक्यांवर 'चार विषाणूंची' लिहिलेलं असतं, काहींवर 'तीन विषाणूंची'. यात फसवणूक नाही. चौथा विषाणू मार्च २०२० नंतर जगात कुठेच सापडलेला नाही, म्हणून आता तीनचीच शिफारस आहे. जी मिळेल ती घे.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. ही लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. बरेच दवाखाने 'फार्मसीतून घेऊन या' म्हणतात आणि माणसं ती पर्समध्ये टाकून उन्हातून बसने येतात. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात अशी लस निकामी व्हायला वेळ लागत नाही. शक्यतो दवाखान्याच्या फ्रिजमधलीच लस घे. आणावीच लागली तर बर्फाच्या पाकिटासह थर्मासात आण, पण लस बर्फाला चिकटू देऊ नकोस. ती गोठली तरी वाया जाते. आणि आणल्या आणल्या टोचून घे. घरच्या फ्रिजवर भरवसा ठेवू नकोस. पावसाच्या आधीच्या वादळी दिवसांत आपल्याकडे वीज किती वेळ जाते ते तू जाणतेसच.

टोचल्यावर अर्धा तास तिथेच बस. दंड दुखेल, एखादा दिवस अंग मोडल्यासारखं वाटेल, थोडी कणकण येईल. कणकण आली तर पॅरासिटामॉल चालतं. दुखण्यावरच्या दुसऱ्या गोळ्या, आयब्युप्रोफेनसारख्या, तुझ्या या आठवड्यांत घ्यायच्या नाहीत. पूर्वी फ्लूच्या लसीने तीव्र ॲलर्जी झाली असेल किंवा गियाँ-बारे नावाचा नसांचा आजार झालेला असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचं. अंड्याची ॲलर्जी आता अडचण मानत नाहीत. त्या दिवशी चांगलाच ताप असेल तर तो उतरल्यावर जा. साधी सर्दी असेल तर चालेल.

लस घेतलीस तरी या पावसाळ्यात ताप आला तर 'लस घेतलीय ना' म्हणून घरी बसू नकोस. गोव्यात पावसात डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस हे सगळे फिरत असतात, आणि या लसीचा त्यांच्याशी काही संबंध नाही. गरोदर बाईचा ताप त्याच दिवशी दाखवायचा. कशाय, म्हणजे काढा, आणि वाफ घ्यायला हरकत नाही, पण दवाखान्याऐवजी नको. फ्लू वाटला तर डॉक्टर ऑसेल्टामिविर देतील. गरोदरपणात ते देतात, आणि पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वात चांगलं लागू पडतं, म्हणून अहवालाची वाट बघत थांबायचं नसतं. दम लागला, छातीत दुखलं, ओठ निळसर दिसले, ग्लानी आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर रात्र असो की भर पाऊस, १०८ ला फोन करून म्हापशाचं आझिलो इस्पितळ किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) गाठायचं. सासूबाईंची परवानगी, नवऱ्याची शिफ्ट, कशासाठीही थांबायचं नाही.

घरच्यांचं म्हणशील तर सासूबाईंना या वेळी दवाखान्यात सोबत ने. त्यांना डॉक्टरांसमोर बसू दे आणि तो नववा आठवडा त्यांच्या तोंडून बोलला जाऊ दे. मला वाटतं, दोन वर्षांत त्यांना त्याबद्दल कुणी काही विचारलेलंच नसेल. त्या 'नको' म्हणतात तेव्हा त्या तुला आणि बाळाला जपतच असतात, हे त्यांना तुझ्याकडून ऐकू दे. मग त्यांनाच सांग, की या लसीची या घरात तुमच्याही दंडाला गरज आहे. साठीच्या पुढच्या माणसांना फ्लू जड जातो, आणि बाळ दिवसभर त्यांच्याच मांडीवर असणार. नवऱ्यानेही घ्यावी. घरातली मोठी माणसं आजारी पडली नाहीत तर बाळाला फ्लू कोण देणार?

घरचे नाही म्हणाले तरी निर्णय तुझाच, हे पुन्हा लिहिते. सगळ्यांचा होकार येईपर्यंत थांबलीस तर पाऊस येईल.

चवथीला मात्र थोडं कठोर हो. खोकणाऱ्या माणसाने बाळाला घ्यायचं नाही, बाकीच्यांनी हात धुऊन घ्यायचं, आणि पापा कुणीच घ्यायचा नाही. हे तू बोलू नकोस, ओली बाळंतीण असशील. हे काम नवऱ्याकडे दे. अंगावर पाजत राहा, दुधातूनही बाळाला काही संरक्षण मिळतं. लसीची तारीख आणि खोक्यावरचा बॅच नंबर तुझ्या माता-बाल कार्डावर लिहून घे. बाळ मार्चच्या सुमारास सहा महिन्यांचं होईल. तेव्हा त्याची स्वतःची लस सुरू करता येते, पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, म्हणजे पुढचा पाऊस लागायच्या आत दोन्ही पुरे होतील.